युद्धाच्या खाती जमा

२१ ऑगस्ट १९१४ ला क्रिमियातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. बर्लिनच्या वेधशाळेतला एर्विन फ्रॉइंडलिश हा तरुण खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणी, कॅमेरे आणि दोन सहकारी घेऊन त्यासाठी रशियात आला होता. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश किंचित वाकायला हवा, असं आइन्स्टाईनचं म्हणणं होतं. सूर्य झाकल्याशिवाय त्याच्या शेजारचे तारे दिसत नाहीत, म्हणून ग्रहणाची वाट पाहायची. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. शत्रुदेशाचे नागरिक आणि त्यांच्या सामानात भलीमोठी भिंगं! रशियनांनी त्यांना अटक केली, उपकरणं जप्त केली. ग्रहण लागलं आणि सुटलं. कैद्यांच्या अदलाबदलीत फ्रॉइंडलिश काही आठवड्यांनी रिकाम्या हाताने घरी पोचला. त्याच ग्रहणासाठी कीएव्हजवळ मुक्कामाला असलेल्या अमेरिकन तुकडीला कोणी हात लावला नाही, कारण अमेरिका तेव्हा तटस्थ होती. तिथे ढगांनी घात केला. त्यांचीही उपकरणं मग युद्धामुळे रशियातच अडकून पडली आणि १९१८ मध्ये खुद्द अमेरिकेतून दिसलेल्या ग्रहणाला वेळेवर पोचली नाहीत.

ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतं. सांगितली जाते ती पाच वर्षांनंतरची. २९ मे १९१९ चं ग्रहण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून आणि ब्राझीलमधल्या सोब्रालहून टिपलं गेलं. ६ नोव्हेंबरला लंडनमध्ये रॉयल सोसायटी आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या संयुक्त सभेत निकाल जाहीर झाला, दुसऱ्या दिवशी ‘टाइम्स’ने विज्ञानात क्रांती झाल्याचा मथळा दिला आणि आइन्स्टाईन रातोरात घराघरांत पोचला. युद्ध संपून अजून वर्षही झालं नव्हतं. इथून पुढची वाट मग कोणीही लिहिणारा डोळे मिटून धरतो. महायुद्धाने जुनं जग मोडलं आणि त्या ढिगाऱ्यातून नवं विज्ञान, नवी कला, नवी स्त्री बाहेर आली. माहितीपटात हेच, भाषणात हेच आणि गप्पांत तर याहून थेट: ‘काही म्हणा, युद्धाशिवाय जग पुढे जात नाही.’

माझ्या मते हा हिशेब चुकीचा लिहिलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात जे चांगलं घडलं, त्यातलं बहुतेक युद्धाच्या आधीच वाटेला लागलेलं होतं. युद्धाने ते अडवलं, आणि पुन्हा चालू झालं ते बऱ्याचदा युद्ध जिथे पोचलं नव्हतं त्या जागांच्या आधाराने. ज्या गोष्टी खरोखर युद्धाच्या पोटच्या आहेत, त्या मात्र आपण त्याच्या नावावर मांडतच नाही. त्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या कधी जन्मल्या हेच आठवत नाही.

फ्रॉइंडलिशच्या गोष्टीत एक खोच आहे, ती लपवणं बरं नाही. १९१४ पर्यंत आइन्स्टाईनने काढलेला कोन चुकीचा होता, खऱ्याच्या निम्मा. नोव्हेंबर १९१५ मध्ये त्याचा सिद्धांत पुरा झाला तेव्हा हा आकडा दुरुस्त झाला. म्हणजे क्रिमियातलं ग्रहण नीट टिपलं गेलं असतं तर भाकीत फसलं असतं. मग युद्धाने आइन्स्टाईनला वाचवलंच की, असं म्हणणारे आहेत. पण भाकीत फसणं ही विज्ञानात आपत्ती नसते. प्रकाश दुप्पट वाकतो हे १९१४ मध्येच हाती आलं असतं, तर दुरुस्ती कुठे करायची याचा तो उत्तम इशारा ठरला असता. वाचली असेल तर त्याची अब्रू. ज्ञान पाच वर्षं खोळंबलं ते खोळंबलंच.

बर्लिनमध्ये लिहिलेला हा सिद्धांत इंग्लंडला पोचला कसा, हेही पाहण्यासारखं आहे. दोन्ही देशांतली टपाल आणि नियतकालिकं बंद होती. हॉलंड तटस्थ होतं, आणि लायडनच्या विलेम द सिटरने आइन्स्टाईनच्या कामाचा सारांश केंब्रिजच्या एडिंग्टनकडे पाठवला. एडिंग्टन क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा होता, शस्त्र हातात घ्यायला त्याचा तत्त्वतः नकार होता. सक्तीच्या भरतीतून त्याला सूट मिळाली ती ब्रिटनचा राजखगोलशास्त्रज्ञ फ्रँक डायसनच्या खटपटीने, ग्रहणाच्या मोहिमेची तयारी करण्याच्या अटीवर. युद्धानंतरच्या विज्ञानाचा जो सगळ्यात गाजलेला क्षण, त्याच्यामागे असे एक तटस्थ देश आणि एक युद्धाला नकार देणारा माणूस उभे आहेत. आणि समेट झाला म्हणावं तर तोही अर्धाच. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं १९२० चं सुवर्णपदक आइन्स्टाईनला द्यायचं ठरत होतं. ऐनवेळी विरोध झाला आणि त्या वर्षी पदक कोणालाच दिलं गेलं नाही. ते त्याला १९२६ मध्ये मिळालं.

हा विरोध एकट्यादुकट्याचा नव्हता. १९१९ मध्ये ब्रुसेल्सला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदेने पराभूत देशांच्या शास्त्रज्ञांना दारच बंद केलं, ते १९२६ पर्यंत. १९२० ची गणितज्ञांची परिषद मुद्दाम स्ट्रासबुर्गला, म्हणजे जर्मनीकडून नुकत्याच परत घेतलेल्या शहरात भरवली गेली आणि जर्मनांना बोलावणं नव्हतं. भौतिकीच्या सॉल्वे परिषदांतून १९२१ आणि १९२४ मध्ये जर्मन बाहेरच राहिले. आधी आगळीक जर्मनांचीही होती, हे खरं. ऑक्टोबर १९१४ मध्ये त्यांच्या ९३ नामवंतांनी, त्यात प्लांक आणि रॉन्टगेनही आले, बेल्जियममधल्या आपल्या सैन्याच्या वर्तनाचं समर्थन करणारं पत्रक काढलं होतं. युद्धाने प्रयोगशाळांना दिलेली ही देणगी कोणत्याही यादीत नसते.

आणि तरीही त्याच दशकात पुंजभौतिकी, म्हणजे क्वांटम फिजिक्स, उभी राहिली. कुठे? नील्स बोरची संस्था १९२१ मध्ये कोपनहेगनला सुरू झाली. डेन्मार्क तटस्थ राहिलेला देश. तिथे जर्मन हायझेनबर्ग, डच क्रामर्स, इंग्लिश डिरॅक एकाच फळ्यासमोर भांडू शकत होते. पैसा आला तो कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या फाउंडेशनचा आणि अमेरिकेतून रॉकफेलरचा. याच भौतिकीतलं श्रोडिंगरचं समीकरण १९२६ मध्ये लिहिलं गेलं तेव्हा तो झुरिकला शिकवत होता. स्वित्झर्लंडही तटस्थच. या भौतिकीचं दुसरं केंद्र गटिंगेन जर्मनीतलं, ते मोजायलाच हवं, पण तिथल्या मंडळींना बाहेरच्या जगाशी बोलायला कोपनहेगनचीच खिडकी होती. युद्धाने ज्ञान पुढे ढकललं असतं, तर ते असं युद्धाच्या कडेकडेने का वाढलं असतं?

कलेबद्दल थोडक्यात आटपतो, कारण तिथे तारखाच पुरेशा बोलतात. चेहऱ्यांचे तुकडे करून मांडणारं पिकासोचं चित्र १९०७ चं. स्ट्रॅविन्स्कीच्या संगीतावरच्या बॅलेच्या पहिल्या प्रयोगात पॅरिसच्या प्रेक्षकांनी गोंधळ घातला तो २९ मे १९१३ ला (तारीख ग्रहणाचीच, सहा वर्षं आधीची). वास्तुकार ग्रोपियसने जवळजवळ काचेच्याच भिंतींचा कारखाना १९११ मध्ये बांधायला घेतला होता, त्याची कलाशाळा बाउहाउस १९१९ ची. कलेचे सगळे नियम धुडकावणारी डाडा मंडळी १९१६ मध्ये जमली ती पुन्हा झुरिकमध्ये, सैन्यभरतीपासून पळून आलेल्या आणि युद्धाचा तिटकारा असलेल्या लोकांच्या अड्ड्यावर. त्याच गल्लीत काही घरं सोडून लेनिन भाड्याने राहत होता, हे आपलं जाता जाता. खुद्द युद्धाने पुष्कळ चित्रकारांना काय दिलं? शिस्तीची, अभिजाततेची ओढ. पिकासो त्या काळात धष्टपुष्ट ग्रीक-रोमन बायका रंगवत होता.

स्त्रियांच्या मताधिकाराचं उदाहरण हमखास दिलं जातं, आणि मला वाटतं तेच सगळ्यात कच्चं आहे. पुरुष आघाडीवर गेले, बायका कारखान्यात गेल्या, त्यांनी बॉम्बगोळे भरले आणि कृतज्ञ सरकारांनी त्यांना मत दिलं, अशी ती कथा. आता क्रम बघा. न्यूझीलंड १८९३, ऑस्ट्रेलिया १९०२, फिनलंड १९०६, नॉर्वे १९१३. यातलं एकही महायुद्धाने दिलेलं नाही. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९१८ चा कायदा आला तो तीस वर्षांवरच्या आणि घरमालमत्तेची अट स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या नावाने पुरी करणाऱ्या बायकांसाठी. विद्यापीठाच्या पदवीधर बायकांनाही त्यात जागा होती. एकूण सुमारे ८४ लाख. दारूगोळ्याच्या कारखान्यात राबून टीएनटी या स्फोटकाने कातडी पिवळी पडलेल्या मुली बहुतेक विशी-पंचविशीच्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या. ज्यांच्या कष्टाचं बक्षीस म्हणून हा हक्क सांगितला जातो, नेमक्या त्याच कायद्याच्या बाहेर राहिल्या. त्यांना मत मिळालं १९२८ मध्ये, शांततेच्या दहाव्या वर्षी. दरम्यान १९१९ मध्ये युद्धपूर्व प्रथा पूर्ववत करण्याचा कायदा झाला, आणि युद्धकाळात दिलेल्या जागा बायकांनी सोडाव्यात ही कामगार संघटनांना दिलेली हमी त्याने पाळली गेली.

फ्रान्समध्येही लाखो बायका दारूगोळ्याच्या कामावर होत्या, युद्ध तर त्यांच्या अंगणात झालं. १९१९ मध्ये कनिष्ठ सभागृहाने स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव मंजूर केला, सिनेटने तो अडकवून ठेवला आणि नोव्हेंबर १९२२ मध्ये फेटाळला. फ्रेंच बाईला मत देणारा निर्णय व्हायला १९४४ उजाडलं. तिला मिळालं ते वेगळंच. तेरा-चौदा लाख पुरुष मेले होते, देशाला मुलं हवी होती, म्हणून जुलै १९२० मध्ये गर्भपाताइतकीच संततिनियमनाच्या प्रचारावर बंदी घालणारा कायदा झाला. तिकडे हॉलंड आणि स्वीडनने एक गोळीही न झाडता त्याच सुमाराला स्त्रियांना मत दिलं. स्वित्झर्लंडनेही गोळी झाडली नव्हती आणि तिथे १९७१ पर्यंत दिलं नाही. लढणारे देश दोन्ही यादीत, न लढणारेही दोन्ही यादीत. युद्ध हे कारण असतं तर याद्या अशा सरमिसळ झाल्या नसत्या. फरक पडला तो कुठे चळवळ किती जुनी होती, विरोधक किती मजबूत होते आणि जुनी राजवट कोसळली की टिकली, याने. जर्मनीत कैसर गेला आणि महिन्याभरात मताधिकार आला, हे उदाहरण माझ्या विरोधकांनी वापरावं, ते त्यातल्या त्यात बरं आहे. पण तिथेही दार उघडताच आत शिरायला बायका तयार होत्या, कारण त्या वीस-पंचवीस वर्षं ते ठोठावत होत्या.

आता हिशेबाच्या नावे बाजूला, म्हणजे तोट्याकडे, या. इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली. मूलद्रव्यांचा अणुक्रमांक म्हणजे नुसता यादीतला नंबर नाही, त्याला अणूच्या पोटात आधार आहे, हे त्याने १९१३ मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं. १० ऑगस्ट १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत तो मारला गेला. वय २७. खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड आघाडीवर तोफखान्यात होता, तिथून त्याने डिसेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाईनच्या समीकरणांचं पहिलं नेमकं उत्तर काढून पाठवलं, पाच महिन्यांत आजाराने गेला. बुखारेस्टचा निकोलाय पाउलेस्कू १९१६ मध्ये स्वादुपिंडाचा अर्क कुत्र्यांना टोचून रक्तातली साखर उतरवत होता. युद्धाने काम थांबलं, निष्कर्ष १९२१ मध्ये छापून आले आणि तोवर टोरांटोत बँटिंग-बेस्ट त्याच वाटेवर होते. जानेवारी १९२२ मध्ये इन्सुलिनने पहिला रुग्ण वाचला. मधुमेहाने त्या मधल्या वर्षांत गेलेली मुलं कोणत्या लढाईत मेली असं लिहायचं?

चित्रकार फ्रांट्स मार्क व्हर्डनच्या लढाईत मारला गेला. उंबेर्तो बोच्चोनीची गोष्ट जास्त बोचरी आहे. तो इटलीच्या फ्यूचरिस्ट, म्हणजे यंत्र आणि वेगाचं गुणगान करणाऱ्या, कलावंतांपैकी. त्यांच्या १९०९ च्या जाहीरनाम्यात त्यांचा म्होरक्या मारिनेत्तीने युद्धाला जगाची एकमेव आरोग्यविद्या म्हटलं होतं, म्हणजे युद्ध आलं की घाण निघून जाते आणि नवं उगवतं. आपण आज इतिहास म्हणून जे बोलतो, ते असं आधी घोषणा म्हणून बोललं गेलं आहे. बोच्चोनी स्वतःहून भरती झाला आणि ऑगस्ट १९१६ मध्ये सरावादरम्यान घोड्यावरून पडून मेला.

युद्धाच्या बाजूने सर्वांत वजनदार साक्षीदार फ्रिट्झ हाबर. हवेतला नायट्रोजन पकडून अमोनिया करण्याची त्याची कृती आज जगातल्या खतांच्या मुळाशी आहे. पण तिचं प्रयोगशाळेतलं यश १९०९ चं आणि जर्मनीतल्या ओपाउचा कारखाना १९१३ मध्ये सुरू झालेला. चिलीहून येणारं सोरामीठ ब्रिटिश आरमाराने अडवलं तेव्हा जर्मन सरकारने याच कारखान्यांना पैसा ओतून वाढवलं, हे खरं. ते मात्र स्फोटकांसाठी. खत शेतात पोचायला युद्ध संपावं लागलं. हाबरचं स्वतःचं युद्धकाम वेगळंच होतं: २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रला सोडलेला क्लोरिन वायू त्याच्या देखरेखीखालचा. दहा दिवसांनी त्याच्या बायकोने, क्लारा इमरवारने, स्वतःवर गोळी झाडून घेतली. तीही रसायनशास्त्राची डॉक्टरेट होती. अमोनियासाठी १९१८ चं नोबेल हाबरला मिळालं.

युद्धाचं देणं काहीच नाही असं म्हटलं तर तो हट्ट होईल. मनगटी घड्याळ हा बायकी दागिना समजला जाई, खंदकात दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून ते पुरुषांच्या हातावर आलं. लाकडाच्या लगद्यापासून केलेला पट्टीचा कापूस नर्सांनी पाळीसाठी वापरायला सुरुवात केली आणि १९२० मध्ये कंपनीने कोटेक्स हे सॅनिटरी पॅड बाजारात आणलं. माझ्या मते युद्धानंतरच्या बाईच्या आयुष्यात याने जितका फरक पडला तितका डझनभर भाषणांनी पडला नसेल. अटलांटिक न थांबता ओलांडणारं १९१९ चं विमान मुळात बॉम्बफेकी जातीचं होतं. लंडनजवळ सिडकपच्या रुग्णालयात हॅरल्ड गिलीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच हजारांवर सैनिकांचे चेहरे पुन्हा रचले, अकरा हजारांवर शस्त्रक्रिया करून. आजची प्लास्टिक सर्जरी त्यातून शिकली, हे मान्य. पण त्या गावात रस्त्याकडेची काही बाकं निळी रंगवलेली असत. इथे बसलेला माणूस पाहवणार नाही, याची ती लोकांना आगाऊ सूचना. शस्त्रक्रियेचं कौतुक करताना मला ती बाकं आठवतात.

इथवर आलं की दुसऱ्या महायुद्धाचा दाखला काढला जातो. पेनिसिलीन, संगणक, अणुऊर्जा. पेनिसिलीन १९२८ चं, अणुविभाजन डिसेंबर १९३८ चं, संगणकाचा पाया घालणारा ट्युरिंगचा निबंध १९३६ चा. युद्धाने यात घातला तो पैसा आणि घाई. कमी नाही ते, पेनिसिलीन कारखान्यातून पिंपांनी निघायला लागलं ते त्यामुळेच. पण मग श्रेय पैशाला आणि घाईला द्या. अमेरिकेची युद्धकालीन विज्ञानयंत्रणा चालवणाऱ्या व्हॅनिव्हर बुशने जुलै १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्षांना दिलेल्या अहवालात हाच सूर लावला होता, की सरकारने हा खर्च शांततेतही चालू ठेवावा. त्यातून १९५० मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान निघालं. उलट युद्धाचा खास स्वतःचा गुण म्हणजे गुप्तता. जर्मन संदेश फोडणारी कोलोसस ही संगणकाच्या जातीची यंत्रं बांधणाऱ्या टॉमी फ्लॉवर्सला आपले आराखडे जाळून टाकावे लागले आणि १९७० च्या दशकापर्यंत त्या यंत्रांबद्दल जाहीर बोलता येत नव्हतं. इतर लोक तेच पुन्हा शोधत बसले.

मग हा चुकीचा हिशेब लिहिला कोणी, आणि का? लबाडी शोधायची तर सापडेल, सेनापतींच्या आठवणी आहेतच. पण मुख्य कारण मला वेगळं वाटतं. इंग्लिश कवी विल्फ्रेड ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला, युद्ध थांबायला आठवडा उरला असताना. त्याच्या आई-वडिलांच्या हाती तार पडली ती ११ तारखेला, शांततेच्या घंटा वाजत होत्या तेव्हा. त्या आईला कोण सांगणार, की तुझा मुलगा कशासाठीही गेला नाही? दोन वर्षांनी त्याच तारखेला लंडन आणि पॅरिसमध्ये अनाम सैनिकाला मानवंदना दिली गेली, फ्रान्सच्या जवळजवळ प्रत्येक गावात नावांचा दगड उभा राहिला. एवढं गेलं त्याच्या बदल्यात काहीतरी मिळालं असलंच पाहिजे, ही दुःखाची गरज होती. मत, विमान, नवं भौतिकशास्त्र, जे त्या दशकात दिसेल ते मग त्या बदल्यात धरलं गेलं. ही गरज मी समजू शकतो. शंभर वर्षांनी, ज्यांचं त्यात कोणी गेलेलं नाही अशांनी तोच हिशेब पुढे चालवावा, हे मात्र समजत नाही.

आणि खरा वारसा? तो कायद्यांच्या पुस्तकात आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनमध्ये दारूविक्रीच्या वेळा आवळायला सुरुवात करणारा कायदा आला, त्याच्या नावातच ‘तात्पुरता’ हा शब्द होता. पुढे युद्धकाळातच पब दुपारी बंद ठेवण्याची जी सक्ती आली, ती इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत चालली. अमेरिकेचा जून १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा आजही लागू आहे. त्याच कायद्याखाली युद्धविरोधी भाषणासाठी समाजवादी नेता यूजीन डेब्झला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून त्याने तुरुंगातून नऊ लाखांवर मतं घेतली. हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसं या युद्धात गेली. १९१५ चा भारत संरक्षण कायदा युद्धानंतर सहा महिन्यांत संपायचा होता, तर त्याचे दात शाबूत ठेवायला मार्च १९१९ मध्ये रौलेट कायदा आणला गेला. पुढचा महिना एप्रिल, आणि अमृतसर. कैरो आणि सेऊलमध्येही त्याच वसंतात लोक रस्त्यावर होते. पॅरिसच्या शांतता परिषदेत वंशसमानतेचं कलम घालावं अशी जपानची सूचना होती, तिला बहुमत मिळालं, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष विल्सनने या विषयाला एकमत लागतं असा निर्णय दिला.

कराचंही तसंच. ब्रिटनमध्ये १९१४ ला प्राप्तिकर पौंडाला १ शिलिंग २ पेन्स होता (पौंडाचे शिलिंग वीस), १९१८ ला ६ शिलिंग, आणि पुढच्या दशकात तो ४ शिलिंगच्या खाली आला नाही. कर वाईट असं मला म्हणायचं नाही. सरकारचा हात किती लांब पोचू शकतो हे युद्धाने दाखवलं, आणि त्या हाताने घरंही बांधता येतात, अशी आशा १९१९ मध्ये रास्त होती. परतलेल्या वीरांसाठी तीन वर्षांत पाच लाख घरं बांधायचं ठरलं. १९२१ मध्ये सरकारने हात आखडता घेतला, उभी राहिली सव्वादोन लाखांच्या आत. तोफांसाठी लांब झालेला हात विटांपाशी आखडला.

जर्मनीत तर एक वाक्यच वारसा म्हणून उरलं. सैन्य हरलं नाही, घरच्यांनी पाठीत खंजीर खुपसला, असं सेनापती हिंडेनबर्गने नोव्हेंबर १९१९ मध्ये संसदीय समितीपुढे सांगितलं. युद्धबंदीच्या करारावर सही करणारा एर्झबर्गर १९२१ मध्ये गोळ्या घालून मारला गेला, परराष्ट्रमंत्री राथेनाउ १९२२ मध्ये. ही उत्पत्ती शंभर टक्के युद्धाची, तिच्यावर दुसऱ्या कोणाचा दावा नाही.

पासपोर्टचं शेवटी घेतो. १९१४ पूर्वी रशिया आणि तुर्कस्तान सोडले तर युरोपात माणूस बहुतेक ठिकाणी कागदाशिवाय फिरत असे. युद्धात हेर आणि पळपुटे पकडण्यासाठी सरहद्दींवर पासपोर्ट आले. ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली, निर्बंध पुढे उठावेत अशी इच्छा नोंदवली आणि तोवर सोय म्हणून सर्व देशांसाठी एकसारख्या पुस्तिकेचा नमुना ठरवून दिला. बत्तीस पानांचा. ज्यांना कोणताच देश पुस्तिका देईना, त्या रशियन निर्वासितांसाठी १९२२ मध्ये राष्ट्रसंघाचा निर्वासित आयुक्त नान्सेनला वेगळा कागद काढावा लागला.

फ्रॉइंडलिशला त्याचं ग्रहण मिळालं ते ९ मे १९२९ ला, सुमात्रात. मधल्या खेपा ढगांनी बुडवल्या होत्या. पंधरा वर्षांनी हाती आलेल्या फोटोंवरून त्याने कोन मोजला, तो निघाला २.२४ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), आइन्स्टाईनच्या १.७५ पेक्षा बराच जास्त. सिद्धांतात काहीतरी कमी आहे, असं तो म्हणायला लागला. १९३३ मध्ये, बायको ज्यू आणि एक आजी ज्यू असल्याने त्याला जर्मनी सोडावी लागली. आधी इस्तंबूल, मग प्राग, तिथेही हिटलरची सावली पडल्यावर स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. प्रत्येक सरहद्दीवर आता कागद तपासला जात होता. स्कॉटलंडमध्ये त्याने नवा खगोलशास्त्र विभाग उभा केला, आणि २.२४ हा आकडा काही केल्या सोडला नाही.